दुसऱ्या फेरीत मेलेली पूड

उंडीचं तेल आमच्या किनाऱ्याला नवं नाही. होडीच्या लाकडाला चोपडायला, पूर्वी दिव्यात जाळायला, सांधे धरले की चोळायला. खायला मात्र उपयोग नाही, कडू. त्यामुळे याचं बायोडिझेल करावं असं बऱ्याच जणांना सुचतं, आणि पहिल्याच प्रयोगात घोडं अडतं. या तेलात मोकळी फॅटी अ‍ॅसिडं फार. नेहमीप्रमाणे कॉस्टिक सोडा आणि मिथेनॉल घातलं की डिझेलऐवजी साबणाचा चिखल हाती येतो. म्हणून आधी अ‍ॅसिड कॅटलिस्ट (स्वतः न संपता अभिक्रिया घडवून आणणारं अ‍ॅसिड) वापरून त्या मोकळ्या अ‍ॅसिडांचं एस्टर करून घ्यावं लागतं. सल्फ्युरिक अ‍ॅसिड हे काम झकास करतं, पण ते मिश्रणातच राहतं. मग ते मारा, धुवा, आणि ते पाणी सोडा. मालवण तालुक्यात ते सोडणार कुठे? खाडीत?

मी इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. आम्हाला गाळून परत वापरता येईल असं घन अ‍ॅसिड हवं होतं. बाजारात अ‍ॅम्बरलिस्ट-15 मिळतं, पण त्याचं पृष्ठफळ ग्रॅममागे जेमतेम 50 चौरस मीटर. आम्ही सच्छिद्र सेंद्रिय पॉलिमरकडे वळलो. या कुळात निवडीला वाव भरपूर आहे. 2005 मध्ये रसायनशास्त्रज्ञ ओमर याघींच्या गटाने केलेले पहिले सीओएफ (कोव्हॅलंट ऑर्गॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी) दिसायला देखणे, स्फटिकासारखे रेखीव, पण बोरॉन-ऑक्सिजनच्या बंधांवर उभे. दमट हवेत ते बंध तुटतात. आमच्याकडे जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे असल्या पदार्थाचं काय होणार? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) राहुल बॅनर्जी यांच्या गटाने 2012 मध्ये उकळत्या पाण्यात आणि तीव्र अ‍ॅसिडातही टिकणारे सीओएफ केले. पण त्यांचा कच्चा माल आमच्या बजेटबाहेरचा.

आम्ही घेतला तो गरिबाचा मार्ग. बेंझिनची कडी डायमिथॉक्सीमिथेनने एकमेकांना जोडत जायची, फेरिक क्लोराइडच्या मदतीने, 80 अंशांवर रात्रभर. 2011 मध्ये वुहानच्या एका गटाने ही रीत मांडली आणि ती ‘विणकाम’ म्हणून ओळखली जाते. कडी ताठ असतात, नीट दाबून बसत नाहीत, म्हणून मध्ये 2 नॅनोमीटरपेक्षा लहान पोकळ्या राहतात. ग्रॅमभर तपकिरी पुडीत हजाराहून जास्त चौरस मीटर पृष्ठभाग. सगळे बंध कार्बन-कार्बनचे, त्यामुळे दमट हवेला तोडण्याजोगं काही नाही. त्यावर क्लोरोसल्फोनिक अ‍ॅसिडने सल्फोनिक गट बसवायचे, पुडीतलं अ‍ॅसिड म्हणजे हेच. ती बाटली पावसाळ्यात उघडून बघा, झाकण सैल होताच पांढरा धूर. हे काम आम्ही थंडीसाठीच राखून ठेवतो.

शुद्ध ओलेइक अ‍ॅसिडवर, म्हणजे बाटलीतल्या स्वच्छ फॅटी अ‍ॅसिडवर, पूड उत्तम चालली. गाळा, धुवा, पुन्हा वापरा, फरक नावापुरता. मग देवबागच्या बाजूच्या एका मावशींकडून उंडीचं घाण्याचं तेल आणलं. हिरवट काळं, गढूळ, तळाशी गाळ. तेलाच्या वजनाच्या 2 टक्के पूड घातली. पहिली फेरी अपेक्षेपेक्षाही चांगली. दुसऱ्या फेरीत आम्लांक, म्हणजे तेलात मोकळं अ‍ॅसिड किती उरलं ते सांगणारा आकडा, जागचा हलेना.

त्या दिवशी सकाळी माझी एमएस्सीची विद्यार्थिनी वही घेऊन आली तेव्हा निष्कर्ष लिहूनच आली होती: ‘सर, सल्फोनिक गट सुटून गेले.’ तिच्याकडे पुरावाही होता. पहिली फेरी अर्ध्यावर असताना तिने पूड गरमागरम गाळून काढली होती आणि गाळलेलं मिश्रण तसंच तापवत ठेवलं होतं. पुडीशिवायही अभिक्रिया पुढे चालूच राहिली. पुस्तकाप्रमाणे याचा अर्थ एकच, कॅटलिस्टमधलं अ‍ॅसिड द्रावणात उतरलंय. मला मात्र राळेचा संशय. कच्च्या उंडीच्या तेलात राळ भरपूर असते, तिने छिद्रं बुजवली असतील असं मी धरून चाललो होतो. पण राळेने पुडीशिवाय चाललेली अभिक्रिया समजत नव्हती, आणि गट सुटले म्हणावं तर ओलेइक अ‍ॅसिडमध्ये ते का सुटले नाहीत, हे ती सांगू शकत नव्हती.

पृष्ठफळ मोजायला नमुना बाहेर पाठवावा लागतो, म्हणजे महिना गेला. ब्युरेट मात्र हाताशी होतं. असल्या पुडीतलं अ‍ॅसिड मोजायची रीत साधी आहे: मिठाच्या पाण्यात ती हलवत ठेवायची. सोडियम सल्फोनिक गटावर जाऊन बसतो, हायड्रोजन बाहेर पडतो, तो सोड्याने मोजायचा. ताजी पूड आणि वापरलेली पूड दोन्ही आदल्या रात्रीपासून मिठाच्या पाण्यात होत्या. ताज्या पुडीने सोडा व्यवस्थित घेतला. वापरलेलीचा फ्लास्क पहिल्या काही थेंबांतच गुलाबी झाला, म्हणजे मोजायला अ‍ॅसिड जवळपास नव्हतंच.

‘म्हणजे गट गेलेच,’ ती म्हणाली. मी उरलेली वापरलेली पूड सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये ढवळायला लावली, मग पाण्याने धुवायला, धुवण्यातलं क्लोराइड संपेपर्यंत. दुपारी पुन्हा मोजणी केली, तर अ‍ॅसिड बरंचसं परत आलं होतं. सुटून गेलेले गट धुण्याने परत येत नाहीत. ते जागेवरच होते, फक्त त्यांच्यावर दुसरंच कुणीतरी बसलं होतं.

कोण बसलंय हे बघायला प्लॅटिनमच्या तारेवरची सोडियमची पिवळी ज्योत इथे कुचकामी, कारण किनाऱ्यावर तारच काय, टेबल पुसलेलं फडकंसुद्धा पिवळं जळेल. शेजारच्या माती परीक्षणाच्या खोलीत फ्लेम फोटोमीटर आहे, ज्योतीच्या प्रकाशावरून सोडियम-पोटॅशियम मोजणारं यंत्र. पूड धुतलेलं अ‍ॅसिड त्यात घातलं. थोडं पोटॅशियम, ते बियांचंच असणार. सोडियम मात्र इतकं की द्रावण पुनःपुन्हा पातळ करावं लागलं. तेल ऊर्ध्वपातित पाण्यात हलवून त्या पाण्यात नायट्रिक अ‍ॅसिड आणि सिल्व्हर नायट्रेट टाकलं, तर क्लोराइडचा पांढरा साका बसला. कोऱ्या पाण्याची नळी स्वच्छ.

आम्ही जे टायट्रेशन फ्लास्कमध्ये करत होतो, तेच तेलातल्या मिठाने रिअ‍ॅक्टरमध्ये आधीच उरकलं होतं. घाण्याच्या ओलसर तेलातून मीठ मिथेनॉलमध्ये उतरलं, सोडियमने गट धरले, आणि सुटलेलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड द्रावणात मोकळं फिरत राहिलं. पहिल्या फेरीची शाबासकी बरीचशी त्याची. पूड काढल्यावरही अभिक्रिया चालली ती त्याच्याच जोरावर. तेलासोबत ते ओतून दिलं गेलं आणि दुसऱ्या फेरीला मागे उरलं सोडियमने भरलेलं पॉलिमर. विद्यार्थिनीचं निरीक्षण अचूक होतं, त्यातलं अ‍ॅसिड कुणाचं एवढाच प्रश्न होता. माझी राळ अगदीच निर्दोष नव्हती, धुतल्यावर न परतलेला थोडा भाग तिच्या नावे मांडला.

संध्याकाळी मावशींकडे गेलो. बिया फोडल्यावर गर कुठे सुकवता, एवढंच विचारलं.

‘खय म्हंजे? बांगडे सुकवतंव त्याच चटयेर. दुसरी चटय खयसून हाडू?’

खाऱ्या बांगड्याची चटई. मीठ तिच्या विणीतून पांढरं दिसत होतं. मी त्यांना मीठ, तेल, पूड असं काय काय समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘म्हंजे आता भाव कमी देतल्यात?’

भाव तोच, म्हटलं, उलट गरासाठी नवी चटई आमच्याकडून. मावशींनी क्षणभर विचार केला.

‘मगे दोन देवा, मास्तर. एक बांगड्यांक.’