ओम्नीच्या टपावर कॅरिअर

आज आपल्या ओम्नीवर कॅरिअर बसलं! जुनी गाडी घेतली तेव्हा टप मोकळाच होता. आठवडी बाजाराले निघताना ताडपत्री, बांबू, क्रेट सारं आत कोंबलं की मायले बसायला जागाच उरत नव्हती.

दारव्ह्यातले वेल्डिंगवाले दादा म्हणे, "टपाले भोकं पाडू काय?" मी नाही म्हटलं. भोक पडलं की पावसाळ्यात पाणी झिरपते, पत्र्याले गंज धरते. ओम्नीच्या टपाच्या दोन्ही कडेला पन्हाळी असते, तिलाच 6 क्लॅम्प आवळले. प्रत्येकाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून घातली, रंग खरवडू नये म्हणून. शेवटचा बोल्ट दादांनी पाना देऊन मलाच आवळायला लावला. लय बरं वाटलं.

भाजीची पोती मात्र खालीच राहतील. टपावर वजन चढलं की गाडी वळणावर झुकते, वर फक्त हलकं सामान. अन् 50-60 किलोमीटर चालली की बोल्ट पुन्हा आवळायचे, नवे क्लॅम्प थोडे ढिले होतातच.

संध्याकाळी मायनं मागच्या सीटवर बसून पाहिलं. पाय लांब केले, दोन्ही हात सीटवरून फिरवले. म्हणाली, "आता येतो मी बी बाजाराले."