एकटीच?

८ जून २०२५, रविवार

पहाटे पाऊस येऊन गेला होता. साडेसहाला बागेत पोचले तेव्हा दगडांवर अजून पाणी होतं आणि तळ्यातले मासे पुलाखाली गोळा झाले होते. सिंहगड रस्त्यावरचं हे पु. ल. देशपांडे उद्यान. आमच्या भागात बरेच जण त्याला अजून ओकायामा गार्डन म्हणतात. २००६ साली उघडलं, तेव्हापासून माझा रविवार इथे सुरू होतो. हिरवळीवर कुणी पाय ठेवला की रखवालदाराची शिट्टी वाजते. ती सोडली तर आवाज पाण्याचाच.

जपानमधल्या ओकायामा शहरात कोराकुएन नावाची बाग आहे, तिच्या धर्तीवर ही केलेली. हे मला एकोणीस वर्षं माहीत आहे. आज काठावर बसल्या बसल्या वाटलं, या धाकटीला आपण इतकं ओळखतो, थोरलीला कधी भेटणार? बेचाळीस वर्षांची झाले. अजून पासपोर्टवर एकही शिक्का नाही.

ठरवलं. नोव्हेंबरमध्ये, तिकडे पानं लाल होतात तेव्हा. एकटीनं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती गवार मोडत होती. हात थांबले.

"एकटीच?"

१४ जून, शनिवार

आठवडाभर तो एकच शब्द डोक्यात आहे. एकटी म्हणजे नुसती संख्या. त्याला च लागला की त्यात काळजी येते, कीव येते, थोडा संशयही येतो. आईच्या तोंडी फक्त काळजी होती. तरी लागलं.

तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. २०१८ मध्ये आम्ही दोघी राजस्थानच्या सहलीला गेलो होतो. बेचाळीस माणसं, एक बस. माणसं खरंच चांगली होती, आईचा गुडघा दुखला तेव्हा दोघींनी तिला धरून पायऱ्या चढवल्या. पण बसमध्ये भेंड्या, जेवताना गप्पा, रात्री खोलीत पुन्हा गप्पा. जैसलमेरच्या किल्ल्यात मी कोरीव जाळ्यांसमोर उभी होते आणि मनात एवढंच चाललं होतं की आता कुणीतरी काहीतरी विचारेल, त्याला काय उत्तर द्यायचं. परत आल्यावर मला त्या बेचाळीस जणांचे चेहरे आठवत होते, जाळ्या नाही.

लॅबमध्ये मी आठ तास मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजते, दमत नाही. पण रिसेप्शनवरची मुलगी सुट्टीवर असली आणि तासभर तिच्या खुर्चीत बसावं लागलं, तर संध्याकाळी घरी येऊन दिवा न लावता पडून राहते. म्हणजे बघायचं असेल तर मला एकटं असावं लागतं. दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

आणि भीती? परक्या देशाची नाही. खिडकीपलीकडच्या माणसाची आहे, त्याचं बोलणं समजलं नाही म्हणून पुन्हा विचारण्याची आहे, आणि तेवढ्यात माझ्या मागे वाढत जाणाऱ्या रांगेची आहे.

२८ जून, शनिवार

जपानीच्या प्राथमिक वर्गाला नाव घातलं. पुण्यात जपानी शिकणारे इतके आहेत की वर्ग शोधावा लागला नाही. मी शेवटच्या बाकावर.

पहिल्याच तासाला सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या बाईंनी, फळ्यावर अक्षरं लिहिली: अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. अंगावर काटा आला. हा आपल्या वर्णमालेचा क्रम आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचा अभ्यास तिकडे गेला आणि त्यांची अक्षरं या क्रमात लागली. वाक्यही आपल्यासारखंच, क्रियापद शेवटी. 'थंडी आहे ना' यातल्या 'ना'साठी त्यांच्याकडे 'ने' आहे, तोही वाक्याच्या टोकालाच येतो.

तास संपताना हॉटेलात गेल्यावर काय विचारतात ते सांगितलं. "नान्मेइसामा देस का?" किती जण? आपण एकटे असलो तर एक बोट वर करायचं आणि "हितोरी देस" म्हणायचं. मग सेन्सेई म्हणाल्या, एकट्या येणाऱ्या गिऱ्हाइकाला तिथे 'ओहितोरीसामा' म्हणतात. हितोरी म्हणजे एक माणूस. आधीचा 'ओ' आदराचा आणि मागचा 'सामा'ही आदराचा.

वहीत तो शब्द तीनदा लिहून काढला. एकटं असण्याला दोन्ही बाजूंनी मान देणारा शब्द एखाद्या भाषेत असू शकतो, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

६ जुलै, रविवार. आषाढी

बाहेर भजनाच्या कॅसेटा, घरात साबुदाणा. मी दिवसभर नकाशा घेऊन बसले.

मुंबईहून निघायचं, बँकॉकला विमान बदलायचं आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरायचं. समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावरचा विमानतळ, १९९४ चा. तिथून हारुका नावाची गाडी थेट शिन-ओसाकाला नेते. शिन-ओसाकाहून शिंकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, ओकायामा साधारण पाऊण तास. पाऊण तासात मी स्वारगेटहून घरी पोचत नाही कधीकधी.

ओकायामाला चार रात्री. एवढं काय आहे तिथे, असं कुणीही विचारेल. मला तीच बाग सकाळी, दुपारी आणि पाऊस आला तर पावसात बघायची आहे. मधल्या एका दिवशी कुराशिकी. लोकलनं पंधरा-वीस मिनिटांवर, कालव्याच्या काठची जुनी पांढऱ्या भिंतींची कोठारं.

आणि एक रात्र कोयासान. हे ठरवताना सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त आनंदही झाला. ओसाकाच्या नाम्बाहून गाडी, मग डोंगर चढणारी केबल कार. वर देवळांचं गाव. कूकाई नावाच्या भिक्षूला ८१६ साली हा डोंगर मिळाला आणि त्यानं तिथे मंत्रयान या बौद्ध पंथाचा मठ उभारला. तिथल्या देवळांत यात्रेकरूंना राहता येतं. जेवण शोजिन र्योरी: मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. आईला हे वाचून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा तिनं मान हलवली. "म्हणजे आपल्यासारखंच की."

तिथे 'अजिकान' नावाचं एक ध्यान करतात. समोर एकच अक्षर लिहिलेलं असतं, सिद्धम् या संस्कृतच्या जुन्या लिपीतला 'अ', आणि त्याच्यासमोर गप्प बसायचं. ज्या अक्षरानं मी पाटीवर सुरुवात केली, त्याच्यासमोर हजारो किलोमीटरवर माणसं शतकानुशतकं गप्प बसत आली आहेत. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढचं काही वाचलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

सराव म्हणून कोल्हापूरला जाऊन आले. एकटी, एसटीनं, एक रात्र.

लॉजच्या काउंटरवर माणसानं माझं आधार कार्ड उलटसुलट करून बघितलं. "एकट्याच आहात? मागनं कुणी येणाराय का?" मागे एक कुटुंब उभं होतं, मुलं बॅगांवर बसलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "मिस्टर येतायत रात्री." माझं लग्न झालेलं नाही. किल्ली मिळाली. खोलीत येऊन पलंगावर बसले तर तळवे ओले होते.

रात्रभर त्या खोट्याचा त्रास झाला. सकाळी उतरताना काउंटरवर वेगळा माणूस होता, त्यामुळे ते दुरुस्तही करता आलं नाही. मग रंकाळ्यावर गेले. दोन तास पाण्याकडे बघत बसले, नंतर एका छोट्या हॉटेलात मिसळ मागवली. समोर येऊन एक आजोबा म्हणाले, "इथं कोण बसलंय का?" म्हटलं, नाही, बसा. ते बसले, आम्ही दोघांनी आपापली मिसळ खाल्ली, उठताना त्यांनी हात जोडले. एवढंच. सगळ्या सहलीत मला सगळ्यात सोपं गेलेलं माणूस ते.

वहीत लिहून ठेवलं: पुन्हा खोटं सांगायचं नाही. वाक्य पाठ करायचं. "हो, मी एकटी आहे."

१ सप्टेंबर, सोमवार

गौरी जेवल्या. हळदीकुंकवाला बायका आल्या आणि बातमी फुटली. एकटीच? एवढ्या लांब? तिथे भाजी-पोळी मिळते का? भूकंप होतात ना? मावशी म्हणाली, आमच्या धाकट्याला विचार, तो येईल सोबत. प्रत्येकीला उत्तर दिलं. रात्री आवाज बसला. आई मध्ये पडली नाही, पण आरतीचं ताट आवरताना मला म्हणाली, तू जाऊन झोप, मी बघते.

२७ सप्टेंबर, शनिवार

व्हिसा आला. कागद जमवताना एक गोष्ट फार आवडली: जपानच्या अर्जात प्रवासाचा रोजचा तक्ता द्यावा लागतो. कोणत्या तारखेला कुठे, काय करणार, मुक्काम कुठे, तिथला फोन. बाकीच्यांना याचा वैताग येतो असं ऐकलं. मला वाटलं, कुणीतरी पहिल्यांदा माझ्या भाषेत प्रश्न विचारला.

आता पासपोर्टवर चिकटवलेला कागद नसतो, ई-व्हिसा असतो. विमानतळावर तो फोनवर इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो, छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. या एका ओळीनं दोन रात्री झोप गेली. नेट गेलं तर? बॅटरी संपली तर? मग ई-सिम घेतलं, पॉवर बँक घेतली आणि काउंटरवर जाण्याआधी बाजूला उभं राहून पान उघडून ठेवायचं असं ठरवलं. लोक म्हणतात इतका विचार करू नये. मला मात्र विचार पूर्ण केल्याशिवाय पाय उचलता येत नाही. अर्धवट राहिलेला विचारच मला घाबरवतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज बागेत कोराकुएनबद्दलच्या माझ्या टिपणांची वही घेऊन गेले. इकेदा त्सुनामासा या सरदारानं १६८७ मध्ये ती करायला घेतली, १७०० मध्ये पुरी झाली. पलीकडे नदी, नदीपार काळा किल्ला. बागेत चहाचा मळा आहे, भाताचं छोटं खाचर आहे, क्रौंच पाळलेले आहेत.

१९३४ चा पूर आणि १९४५ ची बॉम्बफेक, दोन्हींत तिचं नुकसान झालं. नंतर एदो काळातल्या, म्हणजे साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या, जुन्या चित्रांवरून ती पुन्हा उभी केली. किल्लाही त्याच बॉम्बफेकीत जळाला, १९६६ मध्ये परत बांधला. म्हणजे मी जिला मूळ म्हणत होते, तीसुद्धा कुणीतरी कागद समोर ठेवून, बघून बघून, परत केलेली आहे. मला याचं वाईट वाटलं नाही, उलट ती जवळची वाटली. इथल्या माळ्यांनी तेच केलं ना?

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी संपली, बॅग काढली.

आईनं सर्दीच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या ठेवल्या होत्या, त्या परत काढल्या. स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाबाहेर असलेली औषधं जपानात चालत नाहीत. घटक वाचणं माझं रोजचंच काम, पण आई रुसली. कढीपत्ताही काढला, ताजा पाला तसा नेता येत नाही. मेतकूट, दशम्या, भाजलेले पोहे राहिले. तिथे बहुतेक सूपमध्ये आणि रश्शात माशाचा अर्क असतो, 'दाशी', अगदी भाज्यांच्या पदार्थातही. त्यासाठी सेन्सेईंकडून एक कार्ड लिहून घेतलं: मी मांस, मासे आणि माशाची दाशी खात नाही. ते पुढे केलं की झालं. बऱ्याच छोट्या हॉटेलांत दारातच यंत्र असतं. पैसे टाकायचे, चित्राचं बटण दाबायचं, तिकीट आत द्यायचं, भिंतीकडे तोंड करून खायचं. गाडीत फोनवर बोलत नाहीत. हे वाचताना मला घरी परत जात असल्यासारखं वाटलं, जिथे मी कधी गेलेलीच नाही.

भीती गेलेली नाही, हेही लिहून ठेवते. काल रात्री स्वप्नात बँकॉकचा विमानतळ होता आणि सगळ्या पाट्या कोऱ्या होत्या. दोनला उठून पुन्हा सगळे नंबर बघितले. पोलीस ११०, रुग्णवाहिका ११९. हॉटेलाचे पत्ते जपानीत. तिथले रात्री आठ म्हणजे आपले साडेचार, आईच्या चहाची वेळ. तेव्हा रोज फोन.

२ नोव्हेंबर, रविवार

पुढच्या रविवारी या वेळी विमानात असेन.

बागेत शेवटची फेरी मारली. पुलावर उभं राहून पाण्यात बघितलं, काही फोटो काढला नाही. आई आज स्वतःहून आली होती सोबत. बाकावर बसली, मी माझ्या दगडावर. तासभर दोघी काही बोललो नाही. निघताना म्हणाली, "छान आहे गं इथे." एकोणीस वर्षांत ती पहिल्यांदा आली होती.

घरी येताना लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. हातात भाजीची पिशवी. माझ्याकडे बघून आईला म्हणाल्या, "काय हो, ऐकलं ते खरं का? कुठेशी निघालीये म्हणे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "जपानला. एकटी."

काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिसरा मजला आला. आम्ही उतरलो.