कोलोनचा डोम : थांबलेलं बांधकाम बघायला जाताना

जर्मनीतल्या कोलोनचा डोम म्हणजे इथलं भव्य कॅथलिक चर्च. कोलोनच्या मुख्य स्टेशनातून डोमकडच्या दारानं बाहेर पडलात की दोन पावलांत मान वर करावी लागते. रस्ता ओलांडायचा नाही, बस पकडायची नाही, नकाशाही उघडायचा नाही. काळपट दगडाचा तो डोंगर समोर उभाच असतो. मी ड्युसेलडॉर्फला राहतो, तिथून रेल्वेनं अर्धा तास. त्यामुळे माझं इथे येणं नेहमीचं. यंदा आई सांगलीहून आली होती. तिला घेऊन गेलो तेव्हा मात्र आधी वाचून, ठरवून गेलो. तिचा पहिलाच प्रश्न होता, "एवढं बांधायला किती वर्षं लागली रे?"

६३२. पाया १५ ऑगस्ट १२४८ ला घातला आणि १५ ऑक्टोबर १८८० ला काम पुरं झाल्याचा सोहळा झाला. आई क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे ज्ञानेश्वरांच्या जन्माच्याही आधी पाया पडला." बरोबर, सत्तावीस वर्षं आधी.

पण या ६३२ वर्षांत काम सलग चाललेलं नाही. १५६० च्या सुमारास ते थांबलं आणि १८४२ पर्यंत थांबलेलंच राहिलं. अर्धवट चर्च तसंच उभं होतं आणि शहर त्याच्याभोवती जगत होतं. इथे येणारे बहुतेक जण आत एक फेरी मारतात, फोटो काढतात आणि पुढच्या गाडीनं निघून जातात. माझं कळकळीचं सांगणं आहे की हे थांबणं कुठे दिसतं ते शोधत फिरा. जुनं काम आणि नवं काम यांचा सांधा सापडला की ही इमारत वेगळीच दिसायला लागते.

सुरुवात पश्चिमेच्या चौकातून करा. दोन्ही मनोरे १५७ मीटर उंचीचे, पहिल्या नजरेला जुळ्या भावांसारखे. पण उजवीकडचा, म्हणजे दक्षिणेकडचा मनोरा खालच्या भागात खरोखर मध्ययुगीन आहे. पंधराव्या शतकात तो साधारण ५९ मीटरपर्यंत चढला आणि तिथेच राहिला. त्याच्या माथ्यावर दगड वर ओढणारी लाकडी यारी तशीच सोडून दिली होती. सुमारे चारशे वर्षं ती तिथे उभी होती. शहराच्या जुन्या चित्रांत अर्धवट मनोरा आणि त्यावर वाकलेली यारी हमखास दिसते, कोलोनची ओळखच होती ती. १८६८ मध्ये ती उतरवली. डावीकडचा मनोरा जवळजवळ सगळा एकोणिसाव्या शतकातला.

मनोऱ्यांखालच्या तीन दारांतलं उजवीकडचं दार संत पेत्राचं. मध्ययुगात पूर्ण झालेलं हे एकच दार. त्याच्यासमोर पाच मिनिटं उभे राहा, मग मधल्या दाराकडे जा आणि दगडाचं काम ताडून बघा. मधल्या दाराचं काम काटेकोर आणि रेखीव आहे. पेत्राच्या दारावरच्या मूर्तींच्या चेहऱ्यांत हाताचा स्पर्श जास्त जाणवतो. तिथल्या काही मूळ मूर्ती आता उत्तर बाजूच्या खजिन्याच्या दालनात ठेवल्या आहेत. त्याचं तिकीट वेगळं असतं.

मुळात एवढं मोठं चर्च हवं कशाला होतं? ११६४ मध्ये आर्चबिशप राइनाल्ड फॉन डासेल यांनी मिलानहून तीन राजांच्या अस्थी इथे आणल्या. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ते तीन ज्ञानी पुरुष. त्यांच्या दर्शनाला युरोपभरातून यात्रेकरू लोटायला लागले आणि जुनं चर्च अपुरं पडलं. १२४८ मध्ये जुन्या चर्चचा एक भाग पाडण्यासाठी आग लावली, ती आवरली नाही आणि बरंच काही जळालं. त्याच वर्षी आर्चबिशप कॉनराड फॉन होखस्टाडेन यांनी नवा पाया घातला. फ्रान्समधल्या आमिआँच्या कॅथेड्रलचा, म्हणजे तिथल्या बिशपच्या मुख्य चर्चचा नमुना डोळ्यांसमोर होता.

आधी पूर्वेकडचा वेदीचा भाग बांधला. १३२२ मध्ये त्याचं अभिषेकविधीनं उद्घाटन झालं आणि पश्चिमेकडून त्याला एक तात्पुरती भिंत घालून बंद केलं. बाकीचं काम झालं की ती पाडायची, असा बेत. ती भिंत पडली १८६३ मध्ये. आत गेलात की चर्चच्या बरोबर मध्यावर, दोन्ही बाजूंचे फाटे जिथे येऊन मिळतात तिथे उभे राहा. पूर्वेला तोंड केलंत तर समोर तेराव्या-चौदाव्या शतकाचं काम, पाठ फिरवलीत तर डोक्यावरचं ४३ मीटर उंचीचं छत एकोणिसाव्या शतकातलं. भिंत मधे होती तेव्हा या दोन जगांमधून नजर जात नव्हती. आईला हे समजावत होतो, तेव्हा ती एका खांबाला हात टेकून आधी एकीकडे, मग दुसरीकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

थांबण्याचं कारण साधं, पैसा आटला. धर्मसुधारणेची, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाची चळवळ उभी राहिली, यात्रेकरू आणि दानधर्म दोन्ही घटले. टोकदार कमानींची ती शैलीही लोकांना जुनाट वाटू लागली. पश्चिमेकडच्या अर्धवट भागावर कमी उंचीचं तात्पुरतं छप्पर घालून तोच वापरात होता. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्य शहरात आलं, तेव्हा या चर्चचं कोठार झालं, कैदीही इथे ठेवले.

मग आली ती मला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट. पश्चिमेच्या दर्शनी भागाचा चामड्यावर काढलेला मध्ययुगीन आराखडा होता, चार मीटरहून उंच. तो हरवला होता. १८१४ मध्ये डार्मश्टाटच्या एका खानावळीच्या माळ्यावर त्याचा अर्धा भाग सापडला. त्यावर शेंगा वाळत घालत असत, असं सांगतात. वास्तुविशारद गेओर्ग मोलर यांनी तो ओळखला. दुसरा अर्धा १८१६ मध्ये पॅरिसमध्ये मिळाला, कलासंग्राहक झुल्पित्स बॉइसरे यांच्या खटपटीतून. आपल्या पूर्वजांना नेमकं काय बांधायचं होतं, हे आता कागदोपत्री कळलं. मनोरे आज उभे आहेत ते त्या आराखड्याला धरून.

हा आराखडा वेदीमागच्या प्रदक्षिणामार्गावर संत योहानाच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनादालनात आहे, उजेडानं खराब होऊ नये म्हणून पडद्याआड. त्याच चॅपेलमध्ये पाया घालणाऱ्या कॉनराडची समाधी आहे, वर त्याची ब्रॉंझची आडवी मूर्ती. लोक दोन्हींसमोरून न थांबता निघून जातात. तुम्ही थांबा. ज्यानं पाया घातला तो आणि ज्या रेषांवरून कळस चढला त्या, दोन्ही एका खोलीत आहेत.

४ सप्टेंबर १८४२ ला प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा यानं पुन्हा पायाचा दगड बसवला. राजा प्रोटेस्टंट, चर्च कॅथलिक. नेपोलियननंतरच्या काळात विखुरलेल्या जर्मनांना आपलं काहीतरी पुरं झालेलं बघायचं होतं. त्याच वर्षी लोकांनी बांधकामासाठी संघ काढला, वर्गण्या आल्या, पुढे लॉटरीही निघाली. खर्चाचा निम्म्याहून जास्त भार या संघानं उचलला आणि तो आजही काम करतो. स्विर्नर आणि त्यांच्यानंतर फोइग्टेल या मुख्य वास्तुविशारदांनी उरलेलं काम ३८ वर्षांत संपवलं. छपराचा सांगाडा मात्र लाकडाऐवजी लोखंडाचा केला. ते त्या काळातलं नवं तंत्र. पुरं झालं तेव्हा ही जगातली सर्वांत उंच इमारत होती, १८८४ पर्यंत. पण सोहळ्याला इथले आर्चबिशप नव्हते. प्रशियाचं सरकार आणि कॅथलिक चर्च यांच्या भांडणात ते परागंदा झाले होते. एवढ्या शतकांनी कळस चढावा आणि घरचाच माणूस नसावा, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

आता मनोऱ्याबद्दल. ५३३ पायऱ्या, लिफ्ट नाही. दक्षिण मनोऱ्यातला गोल जिना अरुंद आहे आणि चढणारे-उतरणारे त्याच जिन्यात समोरासमोर येतात. गुडघे दुखत असतील, दमा असेल किंवा बंद जागेत घाबरायला होत असेल तर चढू नका. आईला मी आत बाकावर बसवलं आणि एकटा गेलो. साधारण घंटाघरापर्यंतचा दगड मध्ययुगीन. तिथे १९२३ साली ओतलेली २४ टनांची संत पेत्राची घंटा टांगलेली आहे. ती फक्त मोठ्या सणांना वाजते. त्याहून वरचं काम नवं, शेवटी तर लोखंडी जिनाच येतो आणि तुम्ही सुमारे ९७ मीटरवर पोचता. म्हणजे पायाखालीसुद्धा तोच सांधा ओलांडला जातो.

ज्यांना चढणं शक्य नाही त्यांच्यासाठी ऱ्हाइन नदीपलीकडे डॉइट्स भागात कोलोन ट्रँगल नावाची उंच इमारत आहे. लिफ्टनं गच्चीवर जाता येतं आणि समोर अख्खा डोम दिसतो. आईला तिथेच नेलं. जाताना पूल चालत ओलांडा. १८५९ मध्ये इथे पहिला रेल्वेपूल झाला, तेव्हा तो बरोबर डोमच्या अक्षात घेतला होता. आताच्या पुलावरूनही गाड्या थेट वेदीच्या दिशेनं धावताना दिसतात.

काही गोष्टी आधीच लक्षात घ्या. मोठ्या बॅगा, सूटकेस आत नेऊ देत नाहीत. त्या स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका. स्वच्छतागृहाचंही स्टेशनवरच आटपून घ्या, पैसे पडतात, सुट्टी नाणी जवळ ठेवा. मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना चालू असताना फिरायला बंदी असते. आम्ही एकदा रविवारी सकाळी गेलो आणि दुपारपर्यंत बाहेर ताटकळलो, म्हणून आठवड्याचा मधला दिवस निवडा. पुरुषांनी टोपी काढायची. लाल झग्यातले सेवक दिसतील, त्यांना विचारलंत तर नीट सांगतात. वेळा आणि दर बदलत असतात, निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळ बघाच. छपरावरच्या, तो लोखंडी सांगाडा दाखवणाऱ्या मार्गदर्शित फेऱ्या असतात. त्यांची नोंदणी बरीच आधी करावी लागते.

आत घाईत असाल तरी तीन गोष्टी चुकवू नका. वेदीमागची तीन राजांची सोन्याची पेटी, दहाव्या शतकातला, म्हणजे या इमारतीहून जुना असलेला गेरो क्रूस (क्रुसावरच्या येशूची लाकडी मूर्ती) आणि दक्षिणेकडची गेरहार्ड रिश्टर यांची २००७ ची खिडकी. ७२ रंगांच्या ११ हजारांहून जास्त काचेच्या चौकोनांची आहे ती. दुपारी ऊन आलं की तिचे रंग फरशीवर उतरतात. आईनं आपला पांढरा रुमाल त्या उजेडात धरला आणि तो आधी निळा, मग पिवळा झाला.

दुसऱ्या महायुद्धात या इमारतीवर चौदा बॉम्ब पडले, तरी ती उभी राहिली. १९४३ च्या नोव्हेंबरात उत्तर मनोऱ्याच्या खालच्या कोपऱ्याला भगदाड पडलं, तेव्हा ते घाईनं विटांनी बुजवलं. ती विटांची ठिगळं कितीतरी वर्षं दिसत होती. आता त्यावर दगड चढवला आहे.

परांची मात्र कायम दिसेल, कुठे ना कुठे. त्यामुळे फोटो बिघडला म्हणून खट्टू होऊ नका. डोमची स्वतःची पाथरवटांची कार्यशाळा आहे आणि पावसानं, धुरानं झिजलेले दगड तिथे एकेक करून घडवून बदलतात. डोम पुरा झाला की जग बुडेल, असं कोलोनकर म्हणतात. दक्षिणेच्या बाजूनं चालताना जवळ जाऊन बघा. काळ्या दगडांच्या रांगेत मधेच एखादा फिकट, धारदार कडांचा चौकोन दिसतो. तो नुकताच बसवलेला असतो.