पुसा

गेल्या महिन्यात एका फाइलमधला ‘पुसा’ खोडून मी ‘दूर व्हा’ लिहिलं. काम एवढंच. त्याचे पैसेही मिळाले नाहीत, पण तो शब्द अजून डोक्यातून जात नाही.

मी यंत्रांवरचा आणि सॉफ्टवेअरमधला मजकूर मराठीत करते. लोकांना वाटतं, अनुवादकापुढे पान असतं. आमच्यापुढे तक्ता असतो. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामी चौकट, आणि प्रत्येक ओळ सुटी. ती बटणावर जाणार, मथळ्यात जाणार की कोणाच्या तोंडी, हे कुठे लिहिलेलं नसतं. आधी केलेलं सगळं मेमरीत साठतं आणि तेच इंग्रजी पुन्हा आलं की जुनं मराठी आपोआप भरलं जातं. याला शंभर टक्के मॅच म्हणतात. त्या ओळींचे पैसे मिळत नाहीत, म्हणून त्या कुलूप लावून येतात, आणि म्हणून त्या कोणी वाचत नाही.

फाइल एईडीची होती. हृदयाची लय एकाएकी बिघडून माणूस कोसळला, तर छातीवर दोन पॅड चिकटवून विजेचा झटका देणारं छोटं यंत्र. कोणालाही वापरता यावं म्हणून ते बोलून सूचना देतं. हजारभर ओळी, नव्या जेमतेम दोनशे, संध्याकाळपर्यंत द्यायच्या.

त्या एका फाइलमध्ये ‘क्लिअर’ नऊ वेळा होता. श्वासमार्ग क्लिअर करायचा, म्हणजे मोकळा. पॅडमागची क्लिअर फिल्म, म्हणजे पारदर्शक. आवाज क्लिअर नसेल तर, म्हणजे स्पष्ट. जुन्या नोंदी क्लिअर करा, म्हणजे पुसा. मूळ लॅटिन ‘क्लारुस’, उजळ, लख्ख. तिथून निघून हा शब्द वटलेल्या चेकपर्यंत आणि आरोपातून सुटलेल्या माणसापर्यंत पोचलाय. इंग्रजीत विशेषण तेच, आज्ञाही तीच. मराठीत मात्र काय मोकळं, कोण मोकळी, कोणाला सांगायचंय, हे ठरवल्याशिवाय अक्षर उमटत नाही.

ओळ ४१२. ‘क्लिअर.’ नुसतंच. शेजारी कुलूपबंद हिरव्या चौकटीत ‘पुसा.’

मी पुढे गेले. खरंच गेले. ओळी इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या होत्या. बऱ्याच खाली ‘शॉक देत आहे’ करताना तिच्या ओळखक्रमांकाच्या शेवटी ‘व्हीओ’ दिसलं. व्हॉइसओव्हर, म्हणजे हे यंत्र बोलणार. कशी कोण जाणे, पण ४१२ आठवली. वर जाऊन पाहिलं तर तिथेही ‘व्हीओ’. मग कागदावर क्रम लावला: शॉक आवश्यक. चार्ज होत आहे. क्लिअर. शॉक देत आहे.

म्हणजे सगळे लांब व्हा, पेशंटला कोणाचा हात नको.

चूक हास्यास्पद असती तर बरं झालं असतं. यंत्र ‘स्पष्ट!’ असं ओरडलं असतं तर चाचणीत कोणीतरी हसलं असतं आणि चूक सापडली असती. पण पॅड लावण्याआधी ओली छाती कोरडी पुसायचीच असते; त्याच फाइलमध्ये तशी ओळ आहे. त्यामुळे ‘पुसा’ तिथे शोभून दिसत होता. मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबून दमलेला माणूस ‘पुसा’ ऐकून काय करेल? रुमाल घेऊन वाकेल. नेमका त्या क्षणी.

रिव्ह्यूअरला फोन केला. तो म्हणाला, “कर्म राहिलंय खरं. ‘छाती पुसा’ कर.” आमच्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक दोन खोल्यांपलीकडून दिसणारे पुष्कळ आहेत. क्रम सांगितल्यावर तो गप्प झाला, मग म्हणाला, “इंग्रजी भाषाच दरिद्री.” डोळा लागला, निकाल लागला, बस लागली, हे त्याने एकदा एकाच शब्दाने इंग्रजीत करून दाखवावं.

क्वेरी शीटमध्ये, म्हणजे ग्राहकाला शंका विचारायच्या तक्त्यात, विचारलं. उत्तर आलं, ‘क्लिअर म्हणजे क्लिअर.’ पीएम, म्हणजे आमची प्रोजेक्ट मॅनेजर, म्हणाली, “अगं, एवढ्या साध्या शब्दासाठी डिलिव्हरी अडवायची?” साध्याच शब्दासाठी अडवायची. ‘डिफिब्रिलेटर’ने मला कधी दगा दिला नाही, त्याला अर्थच एक. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती. नंतर ‘रन’ने त्याला मागे टाकलं, त्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ नोंदले गेले. हे मी तिला सांगितलं नाही. कुलूप काढून दे, एवढंच म्हटलं.

मग खरं काम. ‘हात लावू नका’ हे पहिलं सुचलं. पण मराठीत नकार शेवटी येतो. गोंधळात ‘नका’ विरला तर कानावर काय पडेल? ‘हात लावू’. म्हणजे आधी होकारी आज्ञा हवी. ‘बाजूला व्हा’ छान होतं, पण तोच मजकूर पडद्यावरही दिसणार होता आणि मर्यादा दहा अक्षरांची. डोळ्याला ‘बाजूला व्हा’ चार अक्षरं. यंत्र काना, उकार, हलन्त आणि मधली जागा धरून अकरा मोजतं. ‘दूर व्हा’ आठात बसलं. आवाजासाठी निराळी ओळ मागून घेतली: ‘दूर व्हा! हात लावू नका.’ ही ओळ चांगली झाली आहे, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

रात्री आठला फाइल गेली. बंद करण्याआधी त्या जुन्या नोंदीवर क्लिक केलं. कोणाच्या हातची आहे ते कडेला दिसतं. तिथे माझीच आद्याक्षरं होती. प्रिंटरचा मेनू, सहा वर्षांपूर्वीचा. तिथे ‘पुसा’ बरोबरच होतं.

मेमरीतली ती नोंद संदर्भाला बांधून ठेवा, असं पीएमला लिहिलं. “पुढच्या तिमाहीत बघू,” म्हणाली. तेव्हापासून रोज थोडा वेळ काढून माझ्या जुन्या फाइलींमध्ये ‘पुसा’ शोधतेय. आत्तापर्यंत एकतीस सापडले. तीस ठीक आहेत. एकतिसाव्याच्या संदर्भाचा रकाना रिकामा आहे आणि ओळखक्रमांकाच्या शेवटी ‘व्हीओ’ आहे. फाइल कोणत्या यंत्राची, ते विचारलंय. दोनदा.