मजकूर फायनल, नावं बाकी

लग्नपत्रिकेचं डिझाइन करताना क्लायंट एक नसतो, दोन घरं असतात आणि प्रत्येक घरात निदान चार-पाच जण असे, की ज्यांना "एकदा दाखवून घे बरं का" म्हणून पीडीएफ जातेच. नवरा-नवरीला मिनिमल हवं असतं, म्हणजे पिंटरेस्टवरून उचललेलं, भरपूर मोकळी जागा, कोपऱ्यात फिकट मोगरा. मुलाच्या आईला गणपती मोठा हवा. मुलीच्या वडिलांना कुलदैवत वर हवं, आणि मग खंडोबा आधी का तुळजाभवानी, यावर ग्रुप तापायच्या आत मी दोघांना एकाच ओळीत समोरासमोर बसवते, फॉन्ट साइज सेम, आणि गप्प राहते.

सगळ्यात जास्त वेळा काय ऐकू येतं, तर "रिकामं रिकामं वाटतंय". नवखा डिझायनर लगेच तोरण टाकतो, कलश टाकतो, सनई-चौघडे टाकतो. मी आधी निमंत्रकांची नावं मोजते. मुलाकडची अकरा आणि मुलीकडची सात असली की रिकामं कुणाला वाटतंय ते कळतंच. मग हळूच विचारायचं, "काका, कुणाचं नाव राहिलंय का?" की थोरल्या आत्यांचे यजमान, सोसायटीचे माजी चेअरमन, हजर. त्यांचं नाव चेअरमनसकट बसलं की तीच पत्रिका एकदम भरल्यासारखी दिसते, खालची मोकळी जागा आहे तेवढीच असते बरं!

रंगाचं वेगळंच. शुभकार्यात काळी अक्षरं नकोत, मरून पाहिजे, ठीक आहे, पण ऑफसेट छपाईत मरून चार रंगांच्या शाया एकावर एक छापून काढला आणि त्यातल्या एखाद्या रंगाची प्लेट केसभर जरी सरकली तरी आपल्या मात्रा, अनुस्वार, रफार सगळं भुरकट होतं, म्हणून मी मजकुराला स्पॉट कलर घ्यायला लावते, एकच शाई, थोडा खर्च वाढतो पण अक्षर कसं खणखणीत येतं. हे सगळं समजावून झालं की मामांचा मेसेज, "कागद पिवळट का दिसतोय?" मामांच्या फोनला नाइट मोड चालू. तेव्हा रंगाचं जे काय ठरवायचं ते छापील प्रूफवर, म्हणजे तपासायला काढलेल्या नमुना प्रतीवर, खिडकीपाशी नेऊन, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंगठ्यांना मी होकार धरत नाही. अंगठा टाकणारा निम्म्या वेळा उघडून बघतच नाही, आणि ग्रुपवर गप्प असलेला माणूस रात्री साडेदहाला फोन करतो.

सगळी पत्रिका पहिल्या अक्षरापासून वाचणारं घरात एकच माणूस असतं, आजी. बाकीचे आपापलं नाव झूम करून बघतात. कुणाच्या नावामागे कै. लावायचं राहिलंय, किंवा देवा रे, धडधाकट माणसाला लागलंय, हे तीच पकडते. त्यामुळे दोन्ही घरातून एकेक सही घेते ती आजीने वाचल्यावरच.

आणि हल्ली एक नियम केलाय, तिसऱ्या प्रूफनंतर प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे. तेव्हापासून गणपती आहे तेवढा चालतो, मोगरा चालतो, पिवळट कागदही आवडायला लागलाय लोकांना. नावांचे बदल मात्र येतातच, आणि त्याचे पैसे कुणीही घासाघीस न करता लगेच जीपे करतं.