ए३३ टॅबलेट: टच अर्ध्या मिनिटात का मरत होता ते सापडलं

ऑलविनरच्या ए३३ प्रोसेसरच्या टॅबलेटवर मी लिनक्स चालवतोय आणि त्याचा टच बूटनंतर बंद पडतो. मागच्या वेळी मी छातीठोकपणे लिहिलं होतं की टचच्या चिपच्या फर्मवेअरची (चिपमध्ये भरायच्या तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅमची) फाइल चुकीची आहे. ती बरोबर होती. शब्द मागे घेतो.

लक्षण आठवत असेलच. बूट झाल्यावर टच झकास, आणि अर्ध्या मिनिटात दगड. रीबूट केलं की पुन्हा जिवंत. मी कनेक्टर पुसला, फ्लेक्स केबल हलवून पाहिली, पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवा डिजिटायझरही (टचची काच) आणला. 'सेम टू सेम' म्हणून मिळालेल्या त्या तुकड्यावर चिप भलतीच निघाली, ते वेगळंच. दुकानात स्क्रीनचा फोटो न दाखवता चिपचा नंबर दाखवा, एवढंच सांगतो.

सगळ्यात जास्त फसवलं आयटूसी-डिटेक्टने. आयटूसी ही चिपशी बोलायची दोन तारांची बस, आणि तिच्यावर कोण कोण आहे ते शोधणारं हे टूल. ०एक्स४० वर, म्हणजे टच चिपच्या पत्त्यावर, 'यूयू' दिसत होतं, म्हणून चिप जागेवर आहे असं मी धरून चाललो. पण 'यूयू' म्हणजे ड्रायव्हरने (चिप चालवणाऱ्या, कर्नेलच्या म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या भागाने) तो पत्ता अडवलाय, बस्स. टूल तिथे विचारायलाही जात नाही. आतला माणूस गेला तरी दारावरची पाटी तशीच.

परवा रात्री मल्टीमीटरची टोकं चिपजवळच्या कपॅसिटरवर धरून बसलो. ३.३ व्होल्ट, ३.३, ३.३ आणि एकदम शून्य. त्याच क्षणी सीरियलवर (कर्नेलचे संदेश बाहेर दाखवणाऱ्या तारेवर) ओळ आली: 'व्हीसीसी-टचस्क्रीन: डिसेबलिंग'. ते नाव मीच ठेवलेलं!

झालं असं. वीजपुरवठा सांभाळणाऱ्या एएक्सपी२२३ चिपचा एलडीओ-आयओ१ (टचला वीज देणारा रेग्युलेटर) हा बूटलोडर, म्हणजे कर्नेलच्या आधी चालणारा प्रोग्रॅम, चालू करून ठेवतो. डीटीएसमध्ये (बोर्डवर काय काय आहे ते कर्नेलला सांगणाऱ्या फाइलमध्ये) त्याचा नोड, म्हणजे नोंद, नव्हता तोवर कर्नेलला त्याला हात लावायचा अधिकारच नव्हता. गेल्या महिन्यात मी डीटीएस 'नीटनेटका' केला, नोड लिहिला, व्होल्टेज दिलं, पण टचच्या नोडमधून त्याच्याकडे बोट दाखवायचं विसरलो. ज्या रेग्युलेटरला गिऱ्हाईक नाही तो कर्नेल बूटनंतर साधारण ३० सेकंदांनी बंद करतो. बिचाऱ्याने नियमाप्रमाणे दिवे घालवले. आणि सिलेड कंपनीच्या या टच चिपमध्ये (जीएसएल१६८०) फर्मवेअर रॅममध्ये असतं, त्यामुळे वीज गेली की तेही गेलं. नंतर एलडीओ हाताने चालू करून काही उपयोग नाही, ड्रायव्हर पुन्हा बाइंड करावा (चिपला नव्याने जोडावा) लागतो.

आधी रेग्युलेटरच्या नोडमध्ये 'रेग्युलेटर-बूट-ऑन' ही प्रॉपर्टी (सेटिंग) लावून पाहिली. फरक शून्य, कारण त्याने नुसतं 'बूटच्या वेळी चालू' एवढंच ठरतं. 'ऑलवेज-ऑन'ने टच टिकला, पण ते म्हणजे नळ बंद होत नाही म्हणून खाली बादली ठेवणं. मग शहाण्यासारखं टचच्या नोडमध्ये 'व्हीडीडी-सप्लाय' लिहिलं आणि पुन्हा तेच! ड्रायव्हर मागतो 'एव्हीडीडी' आणि 'व्हीडीडीआयओ'. भलत्या नावाची प्रॉपर्टी तो गुपचूप सोडून देतो. डीमेसेजमध्ये (कर्नेलच्या लॉगमध्ये) 'एव्हीडीडी नॉट फाउंड, युजिंग डमी रेग्युलेटर' ही ओळ मी तीन आठवडे रोज वाचत होतो आणि निरुपद्रवी समजत होतो. दोन्ही सप्लाय त्याच एलडीओला जोडले. रेग्युलेटर-समरीमध्ये (कर्नेलच्या रेग्युलेटर यादीत) यूज काउंट, म्हणजे गिऱ्हाइकांचा आकडा, शून्याचा २ झाला, आणि त्या आकड्याकडे मी चहा गार होईपर्यंत बघत बसलो.

एक गोष्ट उरली होती. मधूनच एखाद्या बूटला 'चिप आयडी रीड एरर -६', म्हणजे चिपचं उत्तरच नाही. वीज चढायच्या आत ड्रायव्हर विचारतो असं वाटलं, म्हणून 'रेग्युलेटर-एनेबल-रॅम्प-डिले' (चालू केल्यावर थांबायचा वेळ) २०००० टाकला. हा आकडा मायक्रोसेकंदात असतो, म्हणजे २० मिलिसेकंद. एरर गेली.

पण हे लिहिताना शंका आली. याच घराण्यातल्या टॅबलेटांच्या मुख्य कर्नेलमधल्या रेफरन्स डीटीएसआयमध्ये (अनेक डीटीएसना सामाईक फाइलमध्ये) स्पष्ट कॉमेंट आहे की जीएसएल१६८० ला आयटूसी बसचा वेग ४०० किलोहर्ट्झ लागतो, १०० वर ती भरवशाने चालत नाही. माझा डीटीएस कोऱ्या कागदावरून लिहिलेला, आणि त्यात क्लॉक-फ्रिक्वेन्सी दिलेलीच नाही! म्हणजे डीफॉल्ट १००. मग दोष विजेचा की बसच्या वेगाचा? डिले काढून ४०० लावलंय आणि एकामागून एक कोल्ड बूट (वीज पूर्ण बंद करून सुरू करणं) चालू आहेत. आत्तापर्यंत सात झाले, सातही पास. पन्नास होईपर्यंत पॅच, म्हणजे हा बदल, पाठवत नाही.