शीर्षकपानाच्या पाठीवर

पुस्तक हातात आलं की कोणी अर्पणपत्रिका बघतं, कोणी थेट शेवटच्या पानावर जाऊन खुनी कोण ते पाहून घेतं. मी शीर्षकपान उलटतो आणि त्याच्या पाठीवरचा बारीक टाइप वाचतो. प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, पहिली आवृत्ती, पुनर्मुद्रणं, सर्व हक्क सुरक्षित. कादंबरीकाराने हवं तितकं खोटं बोलावं, त्याचा धंदाच तो. या पानाने मात्र खरं बोलावं अशी अपेक्षा असते.

पूर्वी हा मजकूर पुस्तकाच्या शेवटी यायचा. १४५५ च्या सुमारास छापलेल्या गुटेनबर्गच्या बायबलमध्ये तर तोही नाही. मुद्रकाचं नाव नाही, गाव नाही, साल नाही. दोनच वर्षांनी, १४५७ मध्ये, माइन्झ शहरात फुस्ट आणि शॉफर या जोडीने स्तोत्रांचा एक देखणा ग्रंथ छापला आणि शेवटी आपली नावं व तारीख ठसठशीतपणे घातली. हे पुस्तक लेखणीने नाही, छापून तयार झालंय, असंही बजावलं. आणि नेमक्या त्याच मजकुरात ‘Psalmorum’ (स्तोत्रांचा) या लॅटिन शब्दातली सुरुवातीची दोन अक्षरं उलटसुलट होऊन ‘Spalmorum’ झालं! मुद्रितशोधकांनी ही गोष्ट फ्रेम करून टेबलावर ठेवायला हरकत नाही.

काही इंग्रजी पुस्तकांत या पानावर १० पासून १ पर्यंत आकड्यांची एक ओळ असते. नवख्याला ती छपाईतली गफलत वाटते. खरं तर त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे हातातल्या प्रतीचं मुद्रण कितवं ते. छपाईच्या तयार प्लेटवर नवा आकडा घालणं कटकटीचं, असलेला खरवडून काढणं सोपं. म्हणून प्रत्येक पुनर्मुद्रणाला एक आकडा उडवायचा. जुनी पुस्तकं धुंडाळणारे लोक या ओळीत १ दिसला की पुस्तक छातीशी धरतात. जुन्या १० आकडी आयएसबीएनच्या, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाच्या, शेवटी कधी कधी एक्स दिसतो, तोही असाच गमतीचा. शेवटचा अंक आधीच्या अंकांचा हिशेब ताडून पाहण्यासाठी असतो. तो हिशेब १० आला तर एका घरात दोन अंक बसवायचे कसे? म्हणून रोमन दहा. २००७ पासून क्रमांक १३ आकडी झाले आणि एक्सची गरज संपली.

पण ‘खरं बोलणाऱ्या’ या पानावरही एक गोष्ट बहुधा गाळलेली असते, आणि नेमकी तीच मला हवी असते. पहिली आवृत्ती आठवड्यात संपली, दुसरी महिन्यात, अशा बातम्या आपण वाचतो आणि भारावतो. आवृत्ती किती प्रतींची होती? ३०० ची की ३,००० ची? त्यावर सगळे गप्प. शिवाय आवृत्ती वेगळी आणि पुनर्मुद्रण वेगळं. मजकुराला हात लावला, भर घातली, तर नवी आवृत्ती. आहे तेच पुन्हा छापलं तर पुनर्मुद्रण. पण ‘पाचवी आवृत्ती’ म्हटलं की भारदस्त वाटतं, त्यामुळे हा फरक जाहिरातीत सहज विरघळतो. मागणीनुसार एकेक प्रत छापणं सुरू झाल्यावर तर आवृत्ती संपणार तरी कशी?

ई-पुस्तकं अनेकदा उघडतात तीच पहिल्या प्रकरणावर. मी बोटाने उलटं सरकत ते पान शोधतो. काही वेळा ते सरळ शेवटी नेऊन टाकलेलं असतं. जागेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती गुपचूप होणाऱ्या दुरुस्त्यांबद्दल. छापील चूक निदान पकडता तरी येते. ई-पुस्तकातली ओळ मात्र आज एक असते, उद्या दुसरी, आणि आवृत्तीचा रकाना जिथल्या तिथे. माइन्झची ती उलटलेली अक्षरं आज रातोरात सरळ झाली असती आणि कोणाला पत्ताही लागला नसता. चुका सुधारा, जरूर सुधारा. फक्त कुठे आणि कोणत्या तारखेला, तेवढी एक ओळ त्या पानावर वाढवा.